फणस घनफुटाने विका

कोकणात फणसाचा विषय निघतो तो मे महिन्यात, आणि निघतो तो गऱ्यांसाठी. कापा चांगला की बरका, साठं कुणाकडचं, आठळ्या भाजायच्या की आमटीत घालायच्या. मी सुतार आहे. मला बोलायचं आहे ते त्याच्या खोडाबद्दल, कारण दोन माणसांच्या कवेत न मावणारी खोडं आमच्या सिंधुदुर्गात डोळ्यांदेखत जळणाच्या भावाने जातात. झाड वादळात पडतं किंवा घरबांधणीच्या आड येतं. मालक मुंबईला असतो. टेम्पोवाला येतो, सगळं मिळून एक आकडा बोलतो आणि संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करून देतो. तुकडे एकदा हाताएवढे पाडले की त्यातून साधा पाटही निघत नाही.

हे लाकूड कसलं आहे ते गावातल्या नव्या पिढीला माहीत नाही, म्हणून सांगतो. जून फणस करवतीखाली आला की आतला गाभा हळदीसारखा पिवळा निघतो. उजेड लागेल तसा तो बदामी होतो, पुढे तपकिरी, आणि काही वर्षांनी लालसर काळपट. म्हणूनच जुन्या कपाटाचं दार बाहेरून एका रंगाचं आणि खणाच्या आत वेगळ्या रंगाचं दिसतं. वजनाला तो सागाच्या आसपास, बहुतेकदा थोडा हलकाच. सागात वाळूसारखा अंश असतो, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. फणस त्या मानाने हत्याराला सोसतो. मात्र त्याच्या रेषा काही ठिकाणी उलटसुलट जातात. तिथे रंधा घाईने मारला तर ढलपी उचकटते, पातं बारीक काढून हळूच चालवावं लागतं. पॉलिश त्याच्यावर चढतं ते पाहत राहावं असं. गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र कच्चा, त्याला भुंगा लागतोच. तो भाग तासून टाकायचा कंटाळा केलेल्या कामामुळे फणसाचं नाव फुकट बदनाम झालं आहे.

प्रत्येक लाकडाची जागा आमच्या वाडवडिलांनी ठरवली होती. जिथे भार झेलायचा तिथे ऐन नाहीतर किंजळ. दारं, चौकटी, देव्हारा, चौरंग, पाट यांना फणस. आजही जुनं घर उतरवताना फणसाच्या दाराची एकेक फळी वीतभराहून रुंद निघते, अखंड, सांधा नसलेली. तेवढी रुंद फळी आज वखारीत कितीही पैसे मोजून मिळेल याची मला खात्री नाही. तरीही एका घरच्या वहिनींनी मला सांगितलं, "भावजी, तेवढी जुनी दारं काढून न्या आणि प्लायची बसवून द्या, पावसाळ्यात फुगतात ती." दार फुगत होतं कारण वरची कौलं फुटून पाणी चौकटीत मुरत होतं. कौलं बदलली, दाराची कड रंध्याने एक सूत उतरवली, दार पुन्हा सुरळीत लागायला लागलं. त्याच पाण्यात प्लायचं दार किती टिकलं असतं? ओल धरलेल्या प्लायचे पापुद्रे सुटलेले मी गावोगाव बघतो, आणि एकदा सुटलेला पापुद्रा कुणाला दुरुस्त करता येत नाही. फणसाचं दार पुन्हा तासता येतं, त्याचं पुढे फडताळ होतं, फडताळाचे पाट होतात.

तमिळनाडूत याच झाडाचं काय करतात ते बघा. तंजावरची वीणा फणसाची असते. उत्तम वीणा एकाच ओंडक्यातून कोरलेली, आणि तिच्यासाठी पणरुटी भागातला फणस नावाजलेला. मृदंगाचं खोडही फणसाचंच. म्यानमार आणि थायलंडात बौद्ध भिक्खूंची चीवरं याच गाभ्याचे तुकडे उकळून काढलेल्या रंगात रंगवायची रीत जुनी आहे. त्या कामाला जाणारे तुकडे आमच्याकडे चुलीत जातात.

सरकारचं लक्ष नाही असं नाही. १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, ऐन, किंजळ यांच्याबरोबर फणसही आहे. स्वतःच्या परसातला फणस तोडायलाही परवानगी लागते, आणि ती लागावीच. पण हा कायदा उभ्या झाडापुरता. परवानगी मिळाल्यावर खोड फळ्यांसाठी गेलं की भट्टीत, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं आहे की परवानगी देतानाच ते विचारलं जावं आणि इमारती लायकीचं खोड जळण म्हणून फोडायला मनाई व्हावी.

दुसरी काळजी पुढची. आता लावतात ती कलमं. फळं हाताला यावीत म्हणून ती बुटकी ठेवतात, कंबरेएवढ्या उंचीवर फांद्या फुटतात. बागायतदाराचं त्यात चुकत नाही. पण त्या झाडांतून पन्नास वर्षांनीसुद्धा दाराची फळी निघणार नाही. सरळ उंच खोड देतो तो आठळीतून उगवलेला रायवळ फणस. कलमांच्या बागेला कुंपण घालताना बांधावर चार आठळ्या पुरायला खर्च काहीच नाही. पहिली काही वर्षं खालच्या फांद्या छाटल्या की खोड सरळ चढतं, आणि त्याला गरे लागतात ते वेगळेच.

आणि ज्यांच्या घरी आज फणस पडला आहे त्यांनी टेम्पोवाल्याला लगेच होकार देऊ नये. गावातल्या सुताराला आधी बोलवावं. तो खोडाचा घेर आणि लांबी मापेल, गाभा किती धरला आहे आणि कुठे पोकळ आहे ते ठोकून सांगेल. मग फांद्या जळणाला द्याव्यात आणि खोड घनफुटाच्या हिशेबाने विकावं. विकायचं नसेल तर फळ्या पाडून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत वारा लागेल असं रचून ठेवावं. लाकूड सुकेपर्यंत घाई नाही. मुलाच्या घराचं काम निघेल तेव्हा ते उपयोगी पडेल.