सून जेवायला घालत नाही



या अंकाचा विषय निघाला तो आमच्या हातून झालेल्या एका चुकीतून. करमाडची गोष्ट आहे. आपल्या केंद्रावर सत्तरीच्या एक आजी आल्या. लुगडं स्वच्छ, केस नीट विंचरलेले, बोलणं ठणठणीत. "सून जेवायला घालत नाही. माझी पोतसुद्धा तिनंच चोरली," म्हणाल्या. बाई सांगते त्यावर आधी विश्वास ठेवायचा, हे आपण इतक्या वर्षांत शिकलो आहोत. मी आणि आणखी एक कार्यकर्ती त्याच दिवशी घरी गेलो. सून चुलीपुढे होती, शेजारणी दारात जमल्या होत्या. त्या सगळ्यांसमोर आम्ही तिला सुनावलं, कायद्याची भीती घातली आणि परत आलो. ती एक शब्द बोलली नाही.

पाच-सहा महिन्यांनी तीच सून केंद्रावर आली. भांडायला नाही, विचारायला. "ताई, आत्याबाई रात्री उठून रुळाकडं चालू लागतात. बाहेरून कडी लावली तर तुम्ही मला धराल का?"

करमाडमध्ये रूळ म्हटलं की पोटात गोळा येतो. 8 मे 2020 च्या पहाटे घराकडे पायी निघालेले 16 मजूर इथूनच जवळ मालगाडीखाली गेले. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडी लावली तर म्हाताऱ्या बाईला कोंडलं. नाही लावली तर तिला मरायला सोडलं.

मग ती बसली आणि बोलली. आत्याबाई जेवतात आणि हात वाळायच्या आत "मला कोणी वाढलंच नाही" म्हणतात. पोत स्वतःच पिठाच्या डब्यात लपवतात. गावातल्यांनी बाहेरची बाधा सांगितली, उतारे झाले, पैसे गेले. शेवटी शहरात घाटीत दाखवलं, तेव्हा स्मृतिभ्रंश हे नाव कळलं. ते विंचरलेले केस आणि ते धुतलेलं लुगडं कोणाच्या हातचं, हे त्या दिवशी आम्हाला सुचलंच नव्हतं.

ही बाई कापूस वेचायला जायची, किलोवर मजुरी मिळायची. ते दोन हंगाम बंद आहे. नवरा शेंद्र्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर, पाळ्या बदलत्या. नणंद दिवाळीला येते. लेकीला पाहून आई तासभर अगदी शहाण्यासारखी बोलते, मग नणंद म्हणते, "आई तर चांगली आहे, तुम्हीच आबाळ करता." आणि जी रोज हगणं-मुतणं काढते तिला आत्याबाई विचारतात, "ही बाई कोण?"

आणखी एक गोष्ट ती हळू आवाजात बोलली. लग्नानंतरची पहिली काही वर्षं याच सासूनं तिला अर्धपोटी ठेवलं होतं. "त्यांना ते आठवत नाही ताई. मला आठवतं." अशा बाईला 'सेवा', 'पुण्य' हे शब्द ऐकवायला माझी जीभ रेटत नाही. आपल्या चळवळीनं सासू-सुनेच्या नात्यावर पुष्कळ लिहिलं, पण त्या नात्याचं असं म्हातारपण आपल्या कधी ध्यानात आलं नाही.

भाषेनंही आपल्याला साथ दिलेली नाही. 'साठी बुद्धी नाठी', 'म्हातारचळ' असं म्हणून हसलं की आजारही दिसत नाही आणि तो निभावणारीही नाही. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की साठीपुढच्या माणसांत 7.4 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना स्मृतिभ्रंश आहे. तो पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळला. आजारीही बाईच जास्त, आणि करणारीही बाईच. 2024 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायका घरातल्यांची काळजी घेण्यात दिवसाला सुमारे 140 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 21.4 टक्के आणि 74 मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं. पण आत्याबाईंची रात्र यात कोण आणि कशी मोजणार?

कायद्याकडे पाहावं, तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निर्वाहाची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातवंडांवर आहे. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई यांची नावं घालायचा प्रस्ताव होता. म्हणजे सुनेची आठवण झाली ती जबाबदारी लादताना. केरळात अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांसाठी 'आश्वासकिरणम्' योजनेत दरमहा 600 रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजीच, पण करणारीचं काम निदान सरकारच्या कागदावर आलं. महाराष्ट्रात ही मागणी आपण का करू नये?

सगळ्याच आजी खोटं सांगतात, असा याचा अर्थ कोणी काढू नये. उपाशी ठेवलेल्या, मारलेल्या, जमिनीसाठी अंगठा घेतलेल्या म्हाताऱ्या बायाही मी पाहिल्या आहेत. औद्योगिक वसाहतीमुळे जमिनीला भाव आल्यापासून तर जास्तच. विश्वास ठेवायचाच, पण केंद्रावर अशी तक्रार आली की आता आम्ही दोघींशी वेगवेगळं बोलतो, शेजारणींना विचारतो आणि डॉक्टरला दाखवायला लावतो. बी-12 जीवनसत्त्व किंवा थायरॉइडची कमतरता, उदासीचा आजार यांनीही विसराळूपणा येतो आणि तो उपचारानं सुधारू शकतो. 'टेलि-मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे. त्यावर करणारीनं स्वतःच्या मनावरच्या ताणाबद्दलही बोलावं.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि शेजारणींना बोलावून माफी मागितली. या वेळी जमलेल्या शेजारणी मात्र कमी होत्या. नवऱ्याशीही बोललो. रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात तो आता दारात आडवी बाज टाकून झोपतो. बायकोनं हेच वर्षभर सांगितलं होतं म्हणे.

पुढची बैठक अशा घरांतल्या बायांची घ्यायची आहे. त्या येतील तेव्हा घरी आजींजवळ कोणीतरी बसावं लागेल. करमाड आणि आसपासच्या गावांतल्या ज्या मैत्रिणी दोन-तीन तास बसू शकतील, त्यांनी केंद्रावर नाव द्यावं. पुरुषांची नावंही घेऊ.