गाण्यासाठी घडवलेले शब्द

मराठी भाषा कोणी निर्माण केली, असे विचारले तर कोणाही एकाचे नाव घेता येत नाही. अनेक पिढ्यांच्या बोलण्यातून ती घडली. ‘गाणे’ हा शब्द प्रथम कोणाच्या मुखातून आला, ‘ओवी’चे नाते ‘ओवणे’ या क्रियेशी कोणी जोडले, हे सांगणे अशक्य आहे. जगातील बहुतेक भाषांची हीच स्थिती आहे. मात्र काही थोड्या भाषा अशा आहेत, की त्यांचा कर्ता, त्याचे चरित्र, त्याने केलेली खाडाखोड हे सारे ठाऊक आहे. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाने आपल्या कथांतील एल्फ लोकांसाठी रचलेल्या भाषा या प्रकारच्या आहेत. अशा भाषांना विद्वानाचा पोरखेळ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ लोक असतात. खऱ्या भाषा जगवण्याची चिंता असताना खोट्या भाषा कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदीच निरर्थक नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या भाषांतील गाण्याचे आणि संगीताचे शब्द तपासून पाहणे योग्य ठरेल; कारण कर्त्याचा जीव त्या शब्दांत विशेष गुंतलेला दिसतो.

टॉल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. त्यांच्या वयाच्या पाचव्या वर्षी, १८९६ मध्ये वडील वारले आणि १९०४ मध्ये आईही गेली. टॉल्किन घराण्यात संगीत होते. आजोबा बर्मिंगहॅम येथे पियानो तयार करण्याचा व्यवसाय करीत आणि त्यात त्यांचे दिवाळे निघाले होते. पोरक्या नातवाला मात्र संगीताचे शिक्षण मिळाले नाही. पुढे १९१६ मध्ये त्यांचा विवाह झाला तो एडिथ ब्रॅट यांच्याशी. त्या उत्तम पियानो वाजवीत. १९६४ मधील एका पत्रात टॉल्किन यांनी आपल्याला संगीताचे ज्ञान फारसे नाही, अशी कबुली दिली आहे. आपल्यात जे काही संगीत होते, ते एकतर दडपले गेले किंवा त्याचे रूपांतर भाषेत झाले, असे त्यांनी त्या पत्रात म्हटले आहे. हे विधान बाजूला ठेवून त्यांच्या शब्दसंग्रहाकडे पाहता येत नाही.

त्यांच्या भाषांपैकी क्वेन्या आणि सिंदारिन या दोन प्रमुख होत. क्वेन्येच्या नादावर फिनलंडच्या फिनिश भाषेची छाया आहे, तर सिंदारिनच्या उच्चारांवर वेल्स प्रांतातील वेल्श भाषेची. एल्फ हे मूळचे उत्तर युरोपातील लोककथांमधले. टॉल्किन यांनी त्यांना दीर्घायुषी, देखणे आणि गानप्रिय लोक म्हणून नव्याने रंगवले. मराठी वाचकाला येथे गंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु गंधर्व देवसभेत गातात. एल्फ वाटेने चालताना, नदीकाठी, युद्धातल्या पराभवानंतरही गातात. टॉल्किन यांच्या म्हणण्यानुसार आधी भाषा रचल्या गेल्या आणि त्या बोलणाऱ्यांना राहायला जग हवे म्हणून कथा लिहिल्या गेल्या. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ मध्ये प्रसिद्ध झाले.

संस्कृतातील ‘गै’ या धातूपासून गान, गीत, गायक, गाथा, संगीत असे शब्द सिद्ध होतात, हे व्याकरणाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. टॉल्किन यांनीही आधी धातू कल्पिले आणि मग त्यांपासून शब्दांची कुटुंबे वाढवली. १९३७–३८ च्या सुमारास त्यांनी तयार केलेला असा एक धातुकोश त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९८७ मध्ये प्रकाशात आणला. त्यात ‘लिन्’ हा गाण्याचा धातू आहे. त्यापासून ‘लिंदे’ म्हणजे गीत किंवा चाल, ‘लिंदो’ म्हणजे गायक किंवा गाणारा पक्षी, आणि ‘लिंदले’ म्हणजे संगीत. पुढच्या काळात टॉल्किन यांनी या धातूचा अर्थ अधिक खोल केला. मधुर, सुखद ध्वनी हा त्याचा मूळ अर्थ ठरला आणि वाहत्या पाण्याच्या आवाजापर्यंत तो पोहोचला.

या धातूशी एक सुंदर कथा जोडलेली आहे. एल्फ लोकांचे तीन समूह पश्चिमेकडच्या दूरच्या प्रवासाला निघाले. तिसरा समूह सर्वांत मोठा. निघण्याची त्याला घाई नव्हती आणि तो सतत मागे रेंगाळत होता. म्हणून त्याला ‘तेलेरी’ हे नाव पडले. त्याचा अर्थ शेवटी येणारे, मागे राहिलेले. ते लोक मात्र स्वतःला ‘लिंदार’ म्हणजे गायक म्हणवीत. त्यांना पाणी प्रिय होते आणि गाणेही प्रिय होते, मग त्या गाण्यात शब्द असोत वा नसोत. एकाच समूहाची ही दोन नावे आहेत. पुढे गेलेल्यांनी दिलेल्या नावात वेळेचा हिशेब आहे. त्यांनी स्वतः घेतलेल्या नावात त्यांना काय येते, ते आहे. कोशातल्या एका नोंदीत एवढी मोठी गोष्ट मावू शकते, ही टॉल्किन यांची खरी प्रतिभा. लांबलचक वर्णनाने जे साधले नसते, ते येथे एका नावाने साधले आहे.

‘लोमेलिंदे’ हा आणखी एक शब्द पाहण्याजोगा आहे. ‘लोमे’ म्हणजे सांजवेळ किंवा रात्र; तेव्हा गाणारा तो लोमेलिंदे, अर्थात नाइटिंगेल पक्षी. सिंदारिनमध्ये त्याचेच भावंड ‘दूलिन’ आहे. टॉल्किन हे १९२५ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्या जुन्या इंग्रजीत ‘गालान’ म्हणजे गाणे. नाइटिंगेल या नावाच्या उत्तरार्धात तेच क्रियापद लपलेले आहे. म्हणजे इंग्रजी नावाचाही अर्थ ‘रात्री गाणारा’ असाच होतो. आजच्या इंग्रजी बोलणाऱ्याला तो जाणवत नाही, कारण ‘गालान’ हे क्रियापदच वापरातून गेले. स्वतःच्या भाषेत पुसट झालेला समास टॉल्किन यांनी परक्या ध्वनींत पुन्हा स्पष्ट करून ठेवला. याला पोरखेळ म्हणणे कठीण आहे.

गाण्याचा दुसरा धातू ‘लिर्’. त्याचा ओढा शब्दांनी युक्त अशा गायनाकडे, पठणाकडे आणि काव्याकडे आहे. सिंदारिनमधील ‘ग्लीर’ म्हणजे गीत वा कविता. ‘ग्लाएर’ म्हणजे दीर्घ कथाकाव्य. ‘नार्न’ हा शब्द मात्र निराळा. नार्न ही पद्यात रचलेली कथा खरी, परंतु ती गायची नसते, बोलून सांगायची असते. गाण्याचे काव्य आणि सांगण्याचे काव्य यांच्यात असा शब्दभेद एल्फ लोकांनी पाळला. मराठीची रीत येथे वेगळी आहे. मराठी माणूस ‘गाणे म्हणतो’, ‘ओवी म्हणतो’, ‘पाढे म्हणतो’ आणि ‘मी येतो, असे म्हणतो’. म्हणणे आणि गाणे यांच्यात भिंत घालण्याची गरज या भाषेला वाटली नाही. यांतली एक रीत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नव्हे. मात्र टॉल्किन यांचा भेद एका अभ्यासकाने विचारपूर्वक आखलेला आहे आणि मराठीतली मोकळीक वापरातून आपोआप आलेली आहे, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे.

वाद्यांमध्ये तंतुवाद्याला मानाचे स्थान आहे. वीणेप्रमाणे तारा छेडून वाजवायच्या हार्प या वाद्याला ‘नान्दे’ म्हणतात. ते वाजवणारा ‘नान्दारो’. हा शब्द वाचताच नाटकाच्या आरंभीची ‘नांदी’ आठवेल. त्याचप्रमाणे क्वेन्येत ‘-नेन’ हा प्रत्यय लागून ‘लीरिनेन’ असे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘गाण्याने’. मराठीतील तृतीयेचा ‘ने’ तेथे जसाच्या तसा ऐकू आल्याचा भास होतो. हे दोन्ही निव्वळ योगायोग आहेत. ध्वनींचे साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह भल्याभल्यांना होतो आणि त्यातून पुष्कळ खोट्या व्युत्पत्त्या जन्माला येतात. शब्दांचे नाते सिद्ध करायला इतिहास लागतो. येथे तो नाही.

टॉल्किन यांच्या कल्पनेतील जगाची उत्पत्तीही संगीतातून होते. ‘आइनुलिंदले’ म्हणजे आइनु या पवित्र शक्तींचे संगीत. या कथेचा पहिला खर्डा टॉल्किन यांनी पहिल्या महायुद्धानंतर, ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे काम करीत असताना लिहिला. दिवसा इंग्रजी शब्दांचे मूळ शोधायचे आणि फावल्या वेळात विश्वाचे मूळ गाण्यात शोधायचे, असा तो काळ होता. या कथेत परमेश्वर संगीताचे विषय मांडतो, आइनु ते गातात आणि त्यांच्यातील एक, मेल्कोर, आपला वेगळा सूर त्यात घुसवून विसंवाद निर्माण करतो. त्या संगीताचा प्रतिध्वनी पाण्यात अजून उरला आहे, असे एल्फ मानतात. ‘लिन्’ हा धातू गाण्याला आणि पाण्याला एकत्र का बांधतो, याचे उत्तर येथे मिळते. नादब्रह्माच्या कल्पनेत वाढलेल्या भारतीय वाचकाला ही कथा परकी वाटू नये. तरी तिच्यातला विसंवाद टॉल्किन यांच्या ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने समजून घ्यावा लागतो. दोन परंपरा घाईने एक करू नयेत.

इतके गुण मान्य करूनही एक उणीव सांगितली पाहिजे. हा शब्दसंग्रह कवीचा, दरबारी गायकाचा, स्तोत्र रचणाऱ्याचा आहे. ‘द हॉबिट’मध्ये एल्फ रिकामी पिंपे नदीत ढकलताना गातात, पण ते श्रमगीत वाचकाला इंग्रजीतच मिळते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये एल्फ भाषेत जे दिले आहे, त्यात मुख्यतः एक स्तोत्र आणि ‘नामारिए’ हे विलापगीत येते. मराठीतील ओवी जात्याच्या फेऱ्याबरोबर घडली, दळणाऱ्या बाईच्या श्वासाने तिची लय ठरवली. टॉल्किन यांच्या शब्दांना असा श्रमाचा स्पर्श झालेला नाही आणि एका माणसाच्या टेबलावर तो होणेही शक्य नव्हते. शिवाय त्यांनी अखेरपर्यंत शब्द बदलले, धातू मोडले, नवे केले. बोलणारा समाज असता, तर त्याने कर्त्याला असे करू दिले नसते. १९७३ मध्ये टॉल्किन वारले, तेव्हाही या भाषा अपुऱ्याच होत्या. भाषेचे कूळ आणि व्याकरण एकटा माणूस उभे करू शकतो. तिचा वापर मात्र त्याला एकट्याने निर्माण करता येत नाही.

स्वतः टॉल्किन यांनाही हे उमगले असावे, असे त्यांच्या कथेतील एका स्थळनामावरून वाटते. सोनेरी वृक्षांच्या एका वनप्रदेशाचे जुने नाव ‘लॉरेलिंदोरेनान’, म्हणजे गाणाऱ्या सोन्याच्या दरीचा प्रदेश. त्या लांब नावात ‘लिन्’ स्पष्ट ऐकू येतो. वृक्षांचा वयोवृद्ध राखणदार ट्रीबिअर्ड सांगतो, की आता तेथील लोक त्याला ‘लोथलोरिएन’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो स्वप्नफूल. प्रदेश ओसरत चालला, नाव आखूड झाले आणि त्यातून गाणे गळून गेले.

१९६७ मध्ये डोनाल्ड स्वान या संगीतकाराने टॉल्किन यांच्या कवितांना दिलेल्या चाली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यात टॉल्किन यांनी एल्फ कवितांवर शब्दशः अर्थासह टिपणेही लिहिली. ध्वनिमुद्रिकेसाठी ज्यांनी ती गाणी गायली, त्या गायकाचे आडनाव एल्विन होते. या योगायोगाने टॉल्किन खूश झाले. स्वान यांच्या बहुतेक चाली त्यांना मान्य होत्या. ‘नामारिए’ची चाल ऐकल्यावर मात्र त्यांनी आपल्या मनात निराळे संगीत असल्याचे सांगितले आणि चर्चमधील प्राचीन प्रार्थनागायनाच्या धर्तीवरची एक चाल स्वतः गुणगुणून दाखवली. संगीत येत नसल्याची कबुली देऊन त्यांना तेव्हा फार दिवस लोटले नव्हते. स्वान यांनी आपली चाल बाजूला ठेवली आणि टॉल्किन यांची गुणगुण स्वरलिपीत उतरवून घेतली.