प्रीपोन चालेल हो, पण कर्ता कुठाय?

आयटीतल्या लोकांचा एक आवडता टाइमपास आहे. कुणीतरी मेलमध्ये 'प्रीपोन' लिहितो, कुणी मीटिंगमध्ये 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणतो, आणि मग चहाच्या टपरीवर त्याची टर उडवली जाते. टर उडते तो बहुतेक वेळा मराठी माध्यमातून आलेला असतो. मला याचा मनापासून राग येतो, कारण आपण चुकीच्या माणसाला हसतोय.

आधी 'डिड नॉट वेन्ट' बघू. इंग्रजीत इथे भूतकाळ एकदाच दाखवायचा असतो. तो 'डिड'ने दाखवला की पुढे साधं 'गो' उरतं. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ 'गेलो'मध्येच राहतो, म्हणून मराठी डोक्याला 'वेन्ट' सोडवत नाही. चूक आहे, सुधारावी. पण कोण गेला नाही हे शंभर टक्के कळलं ना? 'प्रीपोन' तर चूकही नाही. 'पोस्टपोन'च्या उलट शब्द हवा होता, आपण तो रुळवला. आता तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे.

आता हे बघा. 'द फाइल गॉट डिलीटेड.' 'इट हॅज बीन डिसायडेड.' 'द इश्यू विल बी लुक्ड इन्टू.' कॉन्व्हेंटच्या बाई पैकीच्या पैकी देतील. पण फाइल उडवली कुणी? ठरवलं कुणी? बघणार कोण आणि कधी? कर्ताच गायब! लहान पोर 'मी कप फोडला' न म्हणता 'कप फुटला' म्हणतं, तसलाच प्रकार. फरक इतकाच की पोराला धपाटा मिळतो आणि साहेबांना अप्रेझलमध्ये 'गुड कम्युनिकेशन स्किल्स'.

कर्मणी प्रयोग वाईट नाही बरं का. 'सर्व्हर रात्री 2 वाजता रीस्टार्ट केला जाईल' यात बटण कोण दाबतो याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. पण जिथे जबाबदारी आहे तिथे नाव पाहिजे.

दुसरा गुन्हेगार 'शुड'. 'इट शुड वर्क' म्हणजे तपासलंय, की देवावर हवाला? इंटरनेटची प्रमाणकं लिहिणाऱ्यांना असला घोळ परवडणारा नव्हता. 1997 मध्ये त्यांनी आरएफसी 2119 काढून अशा शब्दांचे अर्थच बांधून टाकले. 'मस्ट' म्हणजे सक्ती. 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तर, परिणाम नीट समजून, सोडता येईल. 'मे' म्हणजे ऐच्छिक. आपण मात्र रिक्वायरमेंटमध्ये तिन्ही शब्द मिठासारखे चवीपुरते टाकतो!

तिसरा 'रिव्हर्ट'. आपल्या मेलमध्ये 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या. गिटमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल उलटवा. रिलीजच्या रात्री 'प्लीज रिव्हर्ट ऑन धिस चेंज' अशी मेल आली तर नवखा पोरगा काय करेल? 'रिप्लाय' लिहायला काय पैसे पडतात?

असो. पुढच्या वेळी कुणाच्या 'वेन्ट'ला हसण्याआधी आपण स्वतः पाठवलेली शेवटची मेल उघडा. तिच्यातल्या प्रत्येक क्रियापदाला विचारा: कुणी? कधी? नक्की? उत्तर मिळालं नाही, तर हसायचं कुणाला हे तुम्हीच ठरवा.