हॅकेथॉनची रात्र आणि झोपेचं गणित

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी कॅज्युअल्टीतून फोन आला. वीस वर्षांचा मुलगा, छातीत धडधड, हात थरथरताहेत, नाडी १३०. खाली गेलो तर गळ्यात संमेलनाचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. ईसीजीमध्ये वेग सोडला तर काही नव्हतं. तीन दिवसांचं मोफत तंत्रज्ञान संमेलन, त्यातच हॅकेथॉन, दोन रात्रींत मिळून तीन तास झोप आणि पहाटेपासून एनर्जी ड्रिंकचे पाच कॅन. २५० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ८० मिलिग्रॅम कॅफिन असतं. निरोगी प्रौढाने दिवसभरात ४०० च्या वर जाऊ नये असं मानतात. याने तेवढं चार तासांत घेतलं होतं, कॉफी वेगळीच. सोबतचा मित्र मात्र एकच विचारत होता, "सर, अकरा वाजता फायनल आहे, तोवर सोडाल ना?"

नाही सोडलं. पण काय बनवताय, हे विचारलं. सरकारी दवाखान्यातली केसपेपरची रांग कमी करायचं ॲप! आमच्याच दारातलं दुखणं. त्यामुळे रागावताही येईना.

हॅकेथॉनला मी नावं ठेवणार नाही. २०१७ पासून केंद्र सरकार भरवत असलेल्या 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन'मध्ये सहा जणांचा संघ असतो, त्यात किमान एक मुलगी हवीच. असे मेळे मोफत असतात म्हणून तालुक्याच्या कॉलेजातली पोरंही तिथवर पोचतात. संध्याकाळी गाणी, नाच, एखादा विनोदी कार्यक्रम असतो, त्यावर काही प्राध्यापक नाक मुरडतात. डॉक्टर म्हणून मला तोच भाग सगळ्यात आवडतो. तेवढे दोन तास तरी मान स्क्रीनवरून वर उठते, पाय हलतात, माणसं माणसांशी बोलतात. (स्पीकरच्या भिंतीला टेकून मात्र उभं राहू नये, कान एकदाच मिळतात.)

खरी गडबड कार्यक्रम संपल्यावर सुरू होते. सगळे पुन्हा लॅपटॉपकडे वळतात आणि जो झोपेल तो कच्चा. स्मार्ट इंडियाची सॉफ्टवेअरची अंतिम फेरीच सलग ३६ तासांची आखलेली असते.

जागरणाने मेंदूचं काय होतं, हे मोजलेलं आहे. १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका प्रयोगात हात आणि डोळे यांच्या समन्वयाची चाचणी घेतली. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम मद्य असल्यासारखी झाली. २४ तासांनी जवळपास १०० मिलिग्रॅम असल्यासारखी. आपल्याकडे गाडी चालवायला कायद्याची मर्यादा ३० आहे. दुसरा प्रयोग २००४ चा, जर्मनीतला. आकड्यांच्या एका कोड्यात सोपी वाट लपवलेली होती. आठ तास झोपून आलेल्यांपैकी ती सापडलेल्यांचं प्रमाण जागे राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. म्हणजे ज्या 'आयडिया'साठी हा सगळा खटाटोप, ती उशीवर सापडण्याची शक्यता अधिक.

हे मी शिकवतो आहे खरं, पण आमच्या व्यवसायाने तरी कुठे ऐकलं? रेसिडेन्सीत ३६ तासांची ड्युटी आम्ही छाती फुगवून सांगायचो. अशाच एका पहाटे मी एका रुग्णाला इन्सुलिनचा डोस दोनदा लिहिला होता. सिस्टरांनी हटकलं म्हणून निभावलं. बोस्टनमध्ये अतिदक्षता विभागातल्या इंटर्न डॉक्टरांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला: लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात गंभीर चुका ३६ टक्के जास्त. कोडमधली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, हे खरं. पण पहाटे चारला कामगिरी दाखवण्याची ही सवय ती मुलं पुढे नोकरीतही नेतात.

आयोजकांना खर्च न वाढवता बरंच करता येईल. मध्यरात्री ते सकाळी सहा हॉल बंद ठेवा, म्हणजे सगळ्यांनाच समान वेळ मिळेल आणि झोपणारा मागे पडणार नाही. मुलामुलींसाठी स्वतंत्र, अंधाऱ्या खोल्यांत गाद्या टाका. प्रायोजकाचा एनर्जी ड्रिंकचा फ्रिज संध्याकाळी पाचला कुलूप लावून बंद करा. पोटातलं निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास जातात. ताक आणि पाणी रात्रभर राहू द्या.

तो मुलगा आमच्या वॉर्डात, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या खोकल्यातही, दुपारी तीनपर्यंत गाढ झोपला. संघाने त्याच्याविना सादरीकरण केलं. उठल्यावर त्याने आधी फोन मागितला आणि मग बाइकची चावी. चावी मी मित्राकडेही दिली नाही, तोही तितकाच जागा होता. वडील एसटीने येऊन दोघांना घेऊन गेले. तुमच्या घरचं कुणी अशा संमेलनाला निघालं असेल, तर परत कसं येणार, एवढं आधी विचारून ठेवा.