आधी फिरण्याची वाट, मग घर

वसंत ऋतू लागला की बॉस्टनकडच्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीतल्या मंडळींना फोन येऊ लागतात. कुणी सनीव्हेलहून बोलत असतं, कुणी फ्रिस्कोहून, कुणी शार्लटहून. "आमची बॉस्टनकडे बदली झालीये, कुठलं गाव बघावं?" आपली उत्तरंही ठरलेली असतात. शाळा बघा, ऑफिस 128 महामार्गाच्या आत आहे की 495 च्या बाजूला ते बघा, ॲशलंडचं लक्ष्मीचं देऊळ आणि भारतीय किराणा किती लांब आहे ते बघा. सल्ला मनापासूनचा असतो आणि चुकीचाही नसतो. पण गेल्या काही वर्षांत या फोनच्या शेवटी एक वाक्य वरचेवर ऐकू येतं, "आणि आमच्याबरोबर कुत्रा आहे." त्यावर आपण पटकन म्हणतो, "मग काय, मोठं अंगण असलेलं घर घ्या!"

हे उत्तर मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कुत्रा घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येणाऱ्या कुटुंबाने सगळ्यात आधी एकच गोष्ट पाहावी. घराच्या दारातून बाहेर पडल्यावर, गाडीत न बसता, बाराही महिने, सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास निर्धास्त चालता येईल अशी वाट आहे का? असेल तर पुढचं बोलू. नसेल तर घर कितीही देखणं असो, ते सोडून द्यावं.

आधी अंगणाचं बघू. कॅलिफोर्नियात शेजारच्या घराची भिंत हाताला लागेल इतक्या दाटीत राहिलेल्या माणसाला इथली एक एकराची जागा स्वप्नासारखी वाटते. कार्लाइलसारख्या गावात तर बहुतेक ठिकाणी घराला किमान दोन एकर जागा लागते, तसा नियमच आहे. पण याच नियमामुळे घरं लांब लांब पसरतात, दर घरामागे पदपथाचा खर्च वाढतो आणि मग तो बांधलाच जात नाही. उरतो तो जुना, अरुंद, वळणावळणाचा रस्ता. दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि मधून जाणाऱ्या गाड्या. अशा रस्त्यावर कुत्र्याला घेऊन उतरणं म्हणजे प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरणं. मग काय होतं? कुत्रा अंगणात सोडला जातो. आणि ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांना हे ठाऊक आहे की तो अंगणात एकटा फार वेळ रमत नाही. थोडं हुंगून झालं की तो दाराशी येऊन बसतो, कारण त्याला जागा नको असते, तुमच्याबरोबर निघायचं असतं. कालचे वास आज बदललेत का, कोपऱ्यावरचा दुसरा कुत्रा येऊन गेला का, हे त्याला बघायचं असतं. अंगण त्याला यातलं काहीच देत नाही.

शिवाय इथलं मोठं अंगण बहुधा जंगलाला टेकलेलं असतं, आणि जिथे हिरवळ संपून झाडी सुरू होते तिथेच गोचिडी असतात. लाइम हा आजार ज्या लाइम गावावरून ओळखला जातो ते शेजारच्या कनेटिकटमध्येच आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यात तो तिथे प्रथम लक्षात आला. हरणांवर वाढणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीतून तो पसरतो. या गोचिडीची पिल्लं मे ते जुलै या काळात फार असतात आणि ती खसखशीच्या दाण्याएवढी असतात, त्यामुळे कुत्र्याच्या दाट केसांत ती डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनीच शोधावी लागतात. मोठ्या गोचिडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जोरात असतात, आणि हिवाळ्यातही हवा जरा उबदार झाली की बाहेर पडतात. कॅलिफोर्नियाचा कुत्रा वाळक्या गवतातल्या कुसळांना सरावलेला असतो. कुसळ कानात किंवा पंजात शिरलं तर काय करायचं हे त्याच्या माणसांना माहीत असतं. इथे येताना नवी शिस्त लावून घ्यावी लागते. प्रत्येक फेरीनंतर कान, बगला, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या, गोचिडींवरचं दर महिन्याचं औषध चुकवायचं नाही, पशुवैद्याला लाइमच्या लशीबद्दल विचारायचं. कुत्र्यांसाठी ती लस मिळते, माणसांसाठी सध्या बाजारात नाही. लाइमचे जंतू अंगात जायला गोचीड साधारण दीड दिवस चिकटून राहावी लागते, म्हणून रोजची तपासणी हेच खरं संरक्षण आहे. दाराशीच जंगल हवं म्हणणाऱ्यांनी हे सगळं मनात धरूनच ते घ्यावं.

आता नकाशाबद्दल. घर शोधताना आपण पडद्यावर हिरवा रंग बघतो आणि सुखावतो. पण हिरवा रंग म्हणजे कुत्र्याला मोकळीक, असं मॅसॅच्युसेट्समध्ये अजिबात नाही. काँकर्डच्या वॉल्डन तळ्यावर कुत्र्यांना बंदी आहे. ग्रेट मेडोज आणि असाबेट रिव्हर ही संघराज्याची वन्यजीव राखीव क्षेत्रं आहेत, तिथेही बंदी. लिंकनचं ड्रमलिन फार्म, नेटिकचं ब्रॉडमूर, अशा मॅस ऑडुबॉन संस्थेच्या पक्षी-अभयारण्यांतही सहसा कुत्रा नेता येत नाही. बॉस्टनला पिण्याचं पाणी पुरवणाऱ्या क्वाबिन आणि वाचूसेट जलाशयांभोवतीच्या जमिनीवरही जवळपास सगळीकडे मनाई आहे. पक्ष्यांसाठी, पाण्यासाठी केलेले हे नियम योग्यच आहेत, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण "घराच्या मागेच पाचशे एकर जंगल" अशी जाहिरात वाचून कुणी घर घेत असेल, तर ते जंगल कुणाच्या मालकीचं आहे आणि तिथल्या फलकावर काय लिहिलंय, हे आधी वाचायला हवं.

उलट काही गावांना निसर्गाने आणि नगरपालिकेने मिळून चांगलं दिलं आहे. जुन्या रेल्वेच्या रुळांच्या जागी केलेल्या वाटा हे इथलं मोठं वैभव आहे. केंब्रिजच्या एल्वाइफ स्थानकापासून आर्लिंग्टन, लेक्सिंग्टन करत बेडफर्डला जाणारा मिनिटमन मार्ग सुमारे 10 मैलांचा आहे. ॲक्टनहून मेनार्डकडे असाबेट नदीचा मार्ग जातो, आणि ब्रूस फ्रीमन मार्ग चेम्सफर्डहून वेस्टफर्ड, ॲक्टन करत दक्षिणेकडे येतो. कुत्र्याला पट्ट्याला बांधून नेलं की या वाटांवर लहान मूल, म्हातारं माणूस आणि कुत्रा तिघंही एकत्र चालू शकतात. स्टोनमच्या बाजूला मिडलसेक्स फेल्समध्ये शीपफोल्ड नावाचं मोकळं कुरण आहे, तिथे कुत्रे पट्ट्याविना पळतात. ब्रुकलाइनमध्ये ठरावीक बागांत ठरावीक वेळी कुत्रे मोकळे सोडायची परवानगी आहे. संपूर्ण राज्याला लागू असा पट्ट्याचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये नाही. इथल्या 351 शहरा-गावांपैकी प्रत्येकाचा नियम वेगळा, म्हणून दोन शेजारच्या गावांत कुत्र्याचं आयुष्य अगदी निराळं असू शकतं. गावाच्या संकेतस्थळावर हे नियम मिळतात. मुलांच्या शाळेची माहिती जितक्या बारकाईने वाचता, तितक्याच बारकाईने हे वाचा.

कुत्र्यांसाठी खास बांधलेल्या कुंपणाच्या बागेवर मात्र भिस्त ठेवू नका. गाडीने जावं लागतं ती जागा शनिवार-रविवारची. कुत्र्याचा दिवस सोमवारीही उजाडतो.

आणि हिवाळा. बॉस्टनमध्ये डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे ऑफिसातून येऊन निघाल्यावरची फेरी अंधारातच होणार. बॉस्टनला सरासरी वर्षाला 50 इंचांच्या आसपास बर्फ पडतो, पश्चिमेला उंचावर असलेल्या वुस्टरला त्याहून बराच जास्त, आणि श्रूजबरी-वेस्टबरो त्याच बाजूला आहेत. म्हणून विचारायचा प्रश्न हा की पदपथावरचा बर्फ कोण काढतं? काही गावं स्वतःचं यंत्र फिरवतात, काही घरमालकांवर सोपवतात, आणि काही ठिकाणी तो मार्चपर्यंत तसाच राहतो. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पंजे जळजळतात आणि कुत्रा ते चाटतो, म्हणून घरी आल्यावर कोमट पाण्याने पाय धुवावे लागतात. रस्त्यावर दिवे आहेत का, हेही घर बघतानाच पाहून घ्यावं. घरं दाखवणारा दलाल तुम्हाला मे महिन्यात आणतो, डॉगवुड फुललेलं असतं, आणि या कशाचाही विचार मनात येत नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, कुत्र्यासाठी एवढं? मुलांच्या शाळेचं काय? माझं उत्तर असं की आपण ज्या गावांची नावं घेतो, म्हणजे लेक्सिंग्टन, ॲक्टन-बॉक्सबरो, वेस्टबरो, श्रूजबरी, तिथल्या शाळांमध्ये जो फरक आपण तासन्‌तास चघळतो तो मुलाच्या रोजच्या जगण्यात फारसा उतरत नाही. दहा वर्षांची मुलगी कुत्र्याला घेऊन एकटी मैत्रिणीच्या घरी चालत जाऊ शकते की नाही, हा फरक मात्र रोज उतरतो. जिला प्रत्येक ठिकाणी आई-बाबांनी गाडीने सोडावं लागतं ती मुलगी आणि जी स्वतःच्या पायांनी गाव ओळखते ती मुलगी, यांचं बालपण एक नसतं.

पण यापेक्षाही महत्त्वाचं मला जे वाटतं ते आपल्या आई-वडिलांबद्दल आहे. ते पुण्याहून, नाशिकहून, सांगलीहून येतात, बहुधा सहा महिन्यांसाठी. तिकडे त्यांची सकाळची फेरी ठरलेली असते. बाग, कट्टा, ओळखीचे चार चेहरे, येताना भाजी. इथे नऊ वाजता मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत, आणि घर शांत. गाडी चालवता येत नाही. पदपथ नसलेल्या गावात बाबा घरासमोरच्या गाडीच्या उतारावर येरझाऱ्या घालतात, आणि महिनाभराने परतीच्या तिकिटाची तारीख विचारू लागतात. आपल्यापैकी किती घरांत हे झालं आहे! आपण म्हणतो त्यांना करमत नाही. खरं तर त्यांना चालायला जागाच आपण दिलेली नसते.

आमच्या घरी सासऱ्यांनी आयुष्यात कधी कुत्रा पाळला नव्हता. पण घराला लागूनच रुळांच्या जागची वाट होती आणि आमच्या कुत्रीला, चिंगीला, दहा वाजता बाहेर जायचं असायचं, म्हणून तिचा पट्टा त्यांच्या हातात आला. कुत्रा बरोबर असला की इथली माणसं थांबतात, बोलतात, नाव विचारतात, आधी कुत्र्याचं आणि मग आपलं. इंग्रजी जेमतेम बोलणाऱ्या माणसाला त्या वाटेवर निवृत्त पोस्टमन भेटला, चिनी आजी भेटल्या, रोज ठरल्या वेळी वाट पाहणारी माणसं भेटली. चिंगीसाठी निवडलेल्या वाटेने त्यांचे ते सहा महिने सुसह्य नव्हे, सुखाचे केले. म्हणून मी म्हणते की कुत्र्याच्या गरजेने गाव निवडणं हा कुत्र्याचा लाड नाही. घरातले जे जे गाडी चालवू शकत नाहीत त्या सगळ्यांची गरज त्यात आपोआप मोजली जाते.

ऑफिसचं अंतरही याच मापाने बघा. साउथ ॲक्टन किंवा वेस्टबरोहून आगगाडीने बॉस्टन म्हणजे जाता-येताचे दोन तास सहज, आणि ऑफिसच्या तासांवर तेवढा वेळ आणखी कुत्रा घरात एकटा. दुपारी कुणी येऊन त्याला फिरवेल का, शेजारी तशी माणसं आहेत का, हे विचारून ठेवावं. त्याला बाहेर बांधून ठेवणं हा तोडगा नव्हे आणि इथे त्याला कायद्याची मर्यादाही आहे. दिवसाच्या 24 तासांत 5 तासांपेक्षा जास्त बांधता येत नाही, आणि रात्री 10 ते सकाळी 6 बाहेर बांधायला बंदी आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी घाईने सांगते. मोठा कुत्रा विमानात सामानाबरोबर न्यायचं बहुतेक मोठ्या कंपन्यांनी बंद केलं आहे, त्यामुळे गाडीनेच यायची तयारी ठेवा आणि रेबीजच्या लशीचा व प्रकृतीचा दाखला हाताशी असू द्या. पहिलं वर्ष भाड्याने राहा. मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालक सुरुवातीला पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं, एका महिन्याची अनामत आणि कुलूप बदलण्याचा खर्च एवढंच मागू शकतो, कुत्र्यासाठी वेगळी अनामत मागणं कायद्यात बसत नाही. दरमहा जादा भाडं मात्र लावता येतं. 2012 पासून इथल्या गावांना ठरावीक जातीच्या कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, पण घरमालक आणि विमा कंपनी जात विचारतातच. कुत्रा सहा महिन्यांचा झाला की नगरपालिकेत त्याचा परवाना काढावा लागतो. आणि तो कुणाला चावला तर तुमची चूक असो-नसो, जबाबदारी तुमचीच, अपवाद अगदी थोडे. म्हणून विमा आधी बघून घ्या.

घरावर सही करण्याआधी एक दिवस त्या गावात काढा, जमलं तर फेब्रुवारीत. सकाळी सहाला त्या घराच्या दारापासून निघा, संध्याकाळी पाचला पुन्हा निघा, आणि अर्धा तास चाला. वाटेत किती कुत्रे दिसले, किती आजी-आजोबा दिसले, किती मुलं एकटी चालताना दिसली, ते बघा.

मंडळातल्या कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे. आपापल्या गावातल्या चालण्याच्या वाटा, तिथले पट्ट्याचे नियम, हिवाळ्यात कुठला पदपथ मोकळा असतो आणि कुठला नाही, हे मराठीत लिहून कार्यकारिणीकडे द्या. पुढच्या वसंतात फोन येईल तेव्हा शाळांच्या यादीबरोबर ही यादीही आपल्या हातात असली पाहिजे.