वॉटरप्रूफ कोण? फळी की घर?

परवा दादाचा मिशिगनहून व्हिडिओ कॉल आला. बेसमेंटमधे उभा राहून त्यानं मोबाईल खाली फिरवला. लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी फळ्या, एकीत एक अडकवलेल्या. "दोन दिवसांत मी आणि तुझ्या वहिनीनं बसवल्या. व्हिनाईल. पूर्ण वॉटरप्रूफ! आपल्या घरात खाली हेच टाकू. आईचे पाय त्या फरशीवर गारठतात. पैसे मी पाठवतो."

मी नको म्हटलं. तेव्हापासून दादा गप्प आहे आणि ताईच्या मते मी आडमुठा आहे. दोघंही हा ब्लॉग वाचतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आईच्या पायांचं खरं आहे. वय ७८, आणि आमची शहाबादी हिवाळ्यात बर्फ होते. दादाची कळकळही खरी. माझं भांडण आहे ते 'वॉटरप्रूफ' या शब्दाशी.

फळी वॉटरप्रूफ असते, मान्य. वरून बादली उपडी केली तरी तिला काही होत नाही. पण आपल्या घरात पाणी वरून येतंय कुठं? ते खालून येतं. आपल्याकडं बेसमेंट नसतं, पण जमिनीला टेकलेला तळमजला म्हणजे तेच की! काँक्रीट असो, कोबा असो, त्यात बारीक छिद्रं असतात. मातीतली ओल त्यांतून वर चढते आणि हवेत उडून जाते. रोज. आपल्याला दिसतही नाही. तिच्यावर प्लास्टिकची फळी ठेवली की ओल संपत नाही, फक्त उडायची थांबते. मग कुबट वास, स्कर्टिंगमागं बुरशी. फळ्या चिकटवल्या असतील तर गोंद सुटतो.

"खाली जाड प्लास्टिक अंथरू," इति दादा. त्यानं फळ्या वाचतील. भिंतींचं काय? आमच्या जुन्या भिंतींना डीपीसी नाही. मधे वाट मिळाली नाही की ओल कडेनं भिंतीत शिरते आणि गिलावा फुगतो.

दादाचं घर नवं. त्याच्या स्लॅबखाली खडी आहे, प्लास्टिक आहे, कोपऱ्यात पाणी उपसणारा पंप आहे. तिथं आधी पाण्याची सोय झाली आणि मग फळ्या आल्या. आपण फक्त फळ्या उचलून आणणार!

नुसतं तोंड चालवत नाही हं. जुलैमधे दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा तुकडा माजघरात चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. दुसऱ्या दिवशी उचलला, तर आतून थेंब आणि खाली फरशी काळीभोर. वरच्या मजल्यावर तेच केलं, कोरडं ठणठणीत. ही परीक्षा ढोबळच आहे, पण फुकट आहे. आणि ती पावसाळ्यातच करा. मे महिन्यात कुठलीही फरशी कोरडी असल्याचं सोंग करते, आणि दुकानदार नेमका मे महिन्यातच माल खपवतो. आमच्या शेजारच्या काकूंना असाच खपवला. फरशी कुणी तपासली नाही. दोन पावसाळ्यांनी फळ्या उचलल्या तेव्हा खाली काळी बुरशी होती.

आणि पूर? आम्ही शुक्रवार पेठेतले. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैमधे ती ५५ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळा माजघरात पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही खराट्यानं गाळ काढला, फिनेल टाकून फरशी धुतली, दारं उघडी ठेवली. शहाबादीला काय होतंय! फळ्या असत्या तर? "काढून, धुऊन परत बसवता येतात." येतात ना. पण त्या खोबणींतला गटाराचा गाळ एकेक फळी धरून कोण काढणार? मिशिगनहून दादा येणार?

व्हिनाईल वाईट नाही. वरच्या खोलीत खुशाल टाकू. तिथं पाच-सहा मिलिमीटरची फट भिंतीकडेनं सोडायची आणि खाचखळगे आधी भरून घ्यायचे, एवढं पाळलं की झालं. खाली मात्र पैसे घालायचेच असतील तर फरशी उचलून, नवा मुरूम, प्लास्टिक, पीसीसी, भिंतींच्या ओलीवर इलाज, आणि मग तीच फरशी परत. फोटोत काहीच दिसणार नाही, ही त्यातली खरी अडचण. :)

काल हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला विचारलंत का कुणी? पायाखाली घोंगडं घेतलं की बास. फरशी तेवढी उघडी असू दे, पूर ओसरला की धुवायला बरी."

दादा, आता फोन कर.