विश्लेषण : १३ वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक आली कशी? बेलग्रेडच्या शाळेतील हत्याकांडाने सर्बियात कोणते प्रश्न उभे केले?

सर्बियाची राजधानी बेलग्रेडमधील एका शाळेत ३ मे २०२३ रोजी एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात नऊ विद्यार्थी आणि एक सुरक्षारक्षक असे दहा जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोर अवघ्या १३ वर्षांचा असल्याने त्याच्यावर खटलाच चालवता आला नाही. या घटनेला इंटरनेट कारणीभूत की टीव्ही, युद्धाचा वारसा की घराघरांतील बंदुका, शाळा की पालक, यावर त्या देशात दीर्घकाळ वाद झाला. त्या वादात कोणी काय मांडले आणि उपलब्ध पुरावे काय सांगतात, याचा हा आढावा.

नेमके काय घडले?

मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्याचा तो पहिलाच दिवस होता. बेलग्रेडच्या मध्यवर्ती व्राचार भागातील ‘व्लादिस्लाव रिब्निकार’ या प्राथमिक शाळेत (सर्बियात प्राथमिक शाळा आठवीपर्यंत असते) सकाळी पावणेनऊच्या सुमारास सातवीतील एक मुलगा वडिलांची दोन पिस्तुले घेऊन शिरला. त्याने प्रथम सुरक्षारक्षकावर गोळ्या झाडल्या आणि नंतर इतिहासाचा तास सुरू असलेल्या वर्गात गोळीबार केला. त्या दिवशी सुरक्षारक्षक, सात मुली आणि एक मुलगा मरण पावला. शिक्षिकेसह सात जण जखमी झाले. जखमींपैकी एका मुलीचा १५ मे रोजी रुग्णालयात मृत्यू झाला आणि बळींची संख्या दहा झाली. गोळीबारानंतर मुलाने स्वतःच पोलिसांना फोन केला होता.

त्याने महिनाभर आधीपासून तयारी केली होती, शाळेचा आराखडा काढला होता आणि मुलांच्या नावांची यादीही केली होती, असे पोलिसांनी सांगितले. अभ्यासात चांगला, शांत मुलगा अशीच त्याची शाळेत ओळख होती.

शहराने हा धक्का कसा सोसला?

सर्बियात याआधीही सामूहिक हत्याकांडे झाली होती. २००७ मध्ये याबुकोवाच्स गावात नऊ, तर २०१३ मध्ये वेलिका इवांचा गावात १३ जणांची हत्या झाली होती. शाळेत असे काही घडणे मात्र त्या देशाच्या कल्पनेपलीकडचे होते. दुपारपर्यंत रक्तदानासाठी रांगा लागल्या. शाळेभोवतीचे पदपथ फुले, मेणबत्त्या, खेळणी आणि मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांनी भरून गेले. सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला.

दुसऱ्याच रात्री बेलग्रेडच्या दक्षिणेकडील म्लादेनोवाच्स परिसरातील गावांमध्ये २० वर्षांच्या तरुणाने स्वयंचलित बंदुकीने किमान आठ जणांचा बळी घेतला. पहिल्या घटनेतील मुलांचे अंत्यविधीही तोवर झाले नव्हते. दोन दिवसांत दोन हत्याकांडे झाल्याने ‘एका विकृत मुलाचे कृत्य’ एवढ्यावर चर्चा थांबण्याची शक्यता मावळली.

शोकाच्या त्या दिवसांत यंत्रणांच्या असंवेदनशीलतेवरही टीका झाली. बेलग्रेडच्या पोलीसप्रमुखांनी पत्रकार परिषदेत मुलाने केलेली नावांची यादी कॅमेऱ्यांसमोर धरली. ज्यांची मुले त्या यादीत होती, त्या पालकांचा विचारही कोणी केला नाही, असा संताप व्यक्त झाला.

सरकारने कारण काय सांगितले?

शिक्षणमंत्री ब्रांको रुझिच यांनी पहिल्याच दिवशी इंटरनेट, व्हिडीओ गेम आणि ‘तथाकथित पाश्चात्त्य मूल्ये’ यांच्या घातक प्रभावाकडे बोट दाखवले. टीकेची झोड उठली आणि चार दिवसांनी, ७ मे रोजी त्यांनी राजीनामा दिला.

गेमचे कारण अशा प्रत्येक घटनेनंतर पुढे येते. कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत १९९९ मध्ये १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकाची हत्या झाली, तेव्हाही गेम, रॉक संगीत आणि काळ्या कोटांची चर्चा आठवडेच्या आठवडे चालली. मात्र, सामूहिक गोळीबारासारख्या हिंसेचे खापर व्हिडीओ गेमवर फोडणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असे अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. हिंसक गेम आणि आरडाओरडा, ढकलाढकली अशा किरकोळ आक्रमकतेत थोडा संबंध दिसतो. तो हत्याकांडापर्यंत ताणता येत नाही. शिवाय तेच गेम जगभरातील कोट्यवधी मुले खेळतात, हा साधा प्रतिप्रश्न उरतोच.

रस्त्यावर उतरलेल्यांचे म्हणणे काय होते?

पहिला मोठा मोर्चा ८ मे रोजी निघाला. हजारो लोक घोषणा न देता चालले. ‘सर्बिया हिंसेविरोधात’ या नावाने ही आंदोलने पुढे अनेक महिने सुरू राहिली. आंदोलकांच्या मते हिंसेचे मूळ पडद्यावरच्या गेममध्ये नव्हे, तर रोजच्या सार्वजनिक जीवनात होते. सत्ताधाऱ्यांच्या जवळच्या मानल्या जाणाऱ्या ‘पिंक’ आणि ‘हॅपी’ या वाहिन्यांवरील रिअॅलिटी शोमध्ये मारामारी आणि शिवीगाळ सर्रास दाखवली जाते, शिक्षा झालेले गुन्हेगार तिथे पाहुणे म्हणून येतात, टॅब्लॉइड वृत्तपत्रे विरोधकांना देशद्रोही ठरवतात, हे त्यांचे आक्षेप. या वाहिन्यांचे राष्ट्रीय परवाने रद्द करावेत, गृहमंत्री आणि गुप्तचर प्रमुखांनी राजीनामा द्यावा, अशा मागण्या करण्यात आल्या.

‘पिंक’ने आपला ‘झाद्रुगा’ हा गाजलेला शो बंद केला. काही महिन्यांत त्याच धाटणीचा ‘एलिटा’ सुरू झाला. विरोधी पक्षांनी आंदोलनाच्याच नावाने आघाडी करून डिसेंबर २०२३ ची निवडणूक लढवली. तिला सुमारे २४ टक्के मते मिळाली, तर राष्ट्राध्यक्ष अलेक्झांडर वुचिच यांच्या पक्षाला सुमारे ४७ टक्के. सर्वांचा शोक तोवर राजकीय बाजूंमध्ये विभागला गेला होता.

समाजातील हिंसेबद्दलचे आंदोलकांचे आक्षेप निराधार नव्हते. पण सरकारच्या सिद्धान्ताला पडणारा प्रश्न त्यांच्या सिद्धान्तालाही पडतो. ‘पिंक’ वाहिनी सर्बियातील लाखो घरांत पाहिली जाते. मग याच मुलाने, याच शाळेत हे का केले, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही.

सर्बियात बंदुका किती आहेत?

‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार सर्बियात दर १०० लोकांमागे सुमारे ३९ बंदुका नागरिकांकडे आहेत. अमेरिका (१२०) आणि येमेन (५३) यांच्यानंतर सर्बिया आणि शेजारच्या माँटेनेग्रोचा क्रमांक लागतो. नव्वदच्या दशकातील युगोस्लाव्हियाच्या विघटनाच्या युद्धांत लष्करी शस्त्रे घरोघरी पोहोचली आणि तिथेच राहिली. शिकार आणि नेमबाजीची परंपरा त्याहून जुनी आहे.

गोळीबारानंतर वुचिच यांनी देशाचे ‘जवळपास संपूर्ण नि:शस्त्रीकरण’ करण्याची घोषणा केली. नवीन परवान्यांवर बंधने आणली, शाळांसाठी १,२०० पोलीस भरण्याचे जाहीर केले आणि बेकायदा शस्त्रे जमा करणाऱ्यांना कोणताही प्रश्न न विचारता माफी देऊ केली. पहिल्या आठवड्यातच साडेतेरा हजारांच्या आसपास शस्त्रे जमा झाली. त्यांत हातबॉम्ब, स्वयंचलित बंदुका आणि रणगाडाविरोधी रॉकेट लाँचरही होते.

ही मोहीम आवश्यक होती. पण शाळेत वापरलेली पिस्तुले बेकायदा नव्हती. ती वडिलांच्या नावावर रीतसर नोंदवलेली होती. म्हणजेच ही माफी योजना महिनाभर आधी जाहीर झाली असती, तरी ती दोन पिस्तुले घरातच राहिली असती. खरा प्रश्न परवानाधारकाच्या घरातील शस्त्र कोणाच्या हाती लागू शकते, हा होता. पिस्तुले संकेतांकाचे कुलूप असलेल्या तिजोरीत होती, मात्र मुलाला तो संकेतांक माहीत असावा, असे गृहमंत्र्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. वडील मुलाला नेमबाजीच्या केंद्रात घेऊन जात असत, हेही पुढे आले.

खटला पालकांवर का चालला?

सर्बियात १४ वर्षांखालील मुलावर फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. त्यामुळे मुलाला मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. ही वयोमर्यादा १२ वर आणण्याचा प्रस्ताव लगेच पुढे आला. त्याला बालहक्क आणि कायदा क्षेत्रातील अनेकांनी विरोध केला. शिक्षेची भीती १३ वर्षांच्या मुलाला रोखेल, याला आधार नाही आणि एका अपवादात्मक घटनेवरून हजारो मुलांसाठीचा कायदा बदलू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. मृत मुलांच्या कुटुंबांपुढे मात्र वेगळाच पेच होता. दहा जीव गेले आणि कायद्यानुसार त्याला जबाबदार कोणीच नाही, हे त्यांनी कसे स्वीकारायचे?

त्यामुळे खटला पालकांवर उभा राहिला. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सुनावणी बंद दाराआड झाली. ३० डिसेंबर २०२४ रोजी बेलग्रेडच्या न्यायालयाने वडिलांना साडेचौदा वर्षे आणि आईला तीन वर्षे तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. वडिलांवर सार्वजनिक सुरक्षेविरुद्धचा गंभीर गुन्हा आणि मुलाकडे दुर्लक्ष, तर आईवर दुर्लक्षाचा ठपका ठेवण्यात आला. या निकालाविरुद्ध प्रकरण अपिलात गेले.

त्याच वर्षी अमेरिकेतही असाच पायंडा पडला. मिशिगनमधील ऑक्सफर्ड शाळेत नोव्हेंबर २०२१ मध्ये चार विद्यार्थ्यांना ठार करणाऱ्या मुलाच्या आई-वडिलांना सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवून प्रत्येकी १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शालेय गोळीबारासाठी पालकांना या गुन्ह्यात शिक्षा होण्याची अमेरिकेतील ती पहिली घटना होती.

अभ्यास काय सांगतात?

कोलंबाइननंतर अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण विभाग यांनी १९७४ ते २००० दरम्यानच्या ३७ शालेय हल्ल्यांचा आणि ४१ हल्लेखोरांचा अभ्यास केला. ‘असा मुलगा हल्ला करतो’ असे सांगता येईल, असा कोणताही ठरावीक साचा त्यात आढळला नाही. काही एकलकोंडे होते, काही मित्रांमध्ये रमणारे. काही अभ्यासात मागे, तर काही हुशार. मात्र दोन गोष्टी वारंवार दिसल्या. सुमारे ८० टक्के घटनांत किमान एका व्यक्तीला, बहुतेक वेळा बरोबरीच्या मुलाला, बेताची आधीच कुणकुण होती. आणि दोनतृतीयांश हल्लेखोरांनी बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाईकाच्या घरातून आणली होती.

हे निष्कर्ष अमेरिकेतील असल्याने ते बेलग्रेडला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण मुलाच्या स्वभावावरून अंदाज बांधण्यापेक्षा घरातील शस्त्र आणि मुलांनी सांगितलेली गोष्ट ऐकून घेणारी शाळा, या दोन ठिकाणी काही करता येते, असा त्यांचा रोख आहे. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १९९६ मध्ये १६ लहान मुले आणि त्यांच्या शिक्षिकेची हत्या झाली, तेव्हा पालकांच्या मोहिमेनंतर ब्रिटनने पुढच्या वर्षी खासगी पिस्तुलांवर जवळपास संपूर्ण बंदी घातली. तिथेही हल्लेखोराकडील शस्त्रे परवान्याचीच होती. हल्लेखोराच्या मनात काय होते, यावर तेव्हाही एकमत झाले नव्हते. कायदा करण्यासाठी त्याची वाट पाहिली गेली नाही.

शाळेच्या इमारतीचे काय?

‘रिब्निकार’ शाळा गोळीबारानंतर आठवड्याने, १० मे रोजी पुन्हा उघडली. तेव्हापासून एक वाद सुरू झाला. जिथे आपली मुले मारली गेली, तिथे पुन्हा नेहमीची घंटा वाजू नये, तिथे स्मारक व्हावे, अशी भूमिका मृत मुलांच्या पालकांनी मांडली. दुसरीकडे, त्याच शाळेत शिकणाऱ्या, त्या सकाळी वाचलेल्या मुलांना त्यांची शाळा हवी होती. इतर देशांनीही यावर वेगवेगळे मार्ग काढले. कोलंबाइनमध्ये शाळा राहिली, ग्रंथालय मात्र पाडले गेले. अमेरिकेतील सँडी हूकची शाळा जमीनदोस्त करून २०१६ मध्ये नवी उभारली गेली. डनब्लेनमध्ये शाळा कायम राहिली, पण जिथे हल्ला झाला ती व्यायामशाळा पाडून तिथे बाग करण्यात आली.

बेलग्रेडमध्ये दरवर्षी ३ मे रोजी फुले वाहिली जातात. मुलाने हे का केले, याचे सर्वांना पटेल असे उत्तर कदाचित मिळणार नाही. पण परवान्याच्या शस्त्राची तिजोरी कोणाला उघडता येते, अल्पवयीन मुलाला नेमबाजी शिकवताना कोणती अट असावी, शाळेत मुलांनी मन मोकळे करावे असे कोण आहे, या प्रश्नांची उत्तरे मोठ्यांच्या हातात आहेत आणि तेच प्रश्न पालक आजही विचारत आहेत.